डाग मागे, दुखणं पुढे: जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या तापण्याचं एक प्रकरण

गाडी दोन आसनांची. चार सिलिंडरचं इंजिन आसनांच्या मागे, मागच्या चाकांच्या पुढे आडवं बसवलेलं. वय वीस वर्षांच्या वर. रेडिएटर मात्र नाकात, पुढच्या बंपरमागे. इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये गाडीच्या पोटाखालून जाणारे दोन लांब पाइप: एक गरम पाणी पुढे नेणारा, दुसरा थंड झालेलं पाणी मागे आणणारा. टोयोटा एमआर२, फियाट एक्स१/९, लोटस एलिस, पोर्शे बॉक्स्टर या सगळ्यांची मांडणी थोड्याफार फरकाने हीच. या प्रकरणातली गाडी कोणत्या कंपनीची याने काही बिघडत नाही, म्हणून ते नाव बाजूला ठेवतो.

नव्या मालकाने ती नुकतीच घेतलेली. तक्रारी दोन. रहदारीत तापमानाचा काटा वर सरकतो, आणि सकाळी गाडीखाली, उजव्या मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला, हिरवट-तपकिरी पाण्याचा डाग सापडतो. दर थोड्या दिवसांनी टाकीत पाणी घालावं लागतं. गाडीबरोबर जुन्या बिलांची फाइल मिळाली होती. तिच्यात थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप) नवा, पाण्याचा पंप नवा, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) टाकीचं झाकण नवं, टाकीचे दोन होज (रबरी नळ्या) नवे. म्हणजे आधीच्या मालकालाही हेच दुखणं होतं आणि त्याने त्यावर बराच खर्च केला होता.

"सगळे म्हणतात हेड गॅस्केट गेलं असणार. इंजिन उघडायचं का?" मालकाचा पहिला प्रश्न हाच होता. (हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधला सील. तो फुटला की ज्वलनातला वायू पाण्यात शिरतो.)

मला त्या फाइलमध्ये वेगळंच काही दिसत होतं. बदललेला प्रत्येक भाग गाडीच्या मागच्या अर्ध्या भागातला होता. इंजिन मागे, टाकी मागे, डाग मागे, म्हणून शोधही मागेच चाललेला. रेडिएटर, त्याचा पंखा किंवा पोटाखालचे पाइप यांचा एकाही बिलात उल्लेख नव्हता. मधल्या इंजिनाच्या गाडीत पाणी सर्वांत जास्त अंतर कापतं ते इंजिनाच्या बाहेर. तिथे कुणी बघितलंच नव्हतं.

विचारपूस

हत्यार हातात घेण्याआधी मी मालकाला बरेच प्रश्न विचारले, कारण गाडी *कधी* तापते यातच निम्मं उत्तर असतं. उभी असताना किंवा रांगत असताना तापते आणि वेग घेतला की उतरते, तर संशय पंख्यावर. वेगात रेडिएटरला वारा आपोआप मिळतो, थांबल्यावर तो पंख्यानेच ओढावा लागतो. उलट वेगात, चढावर, इंजिनावर भार असताना तापते तर पंखा बहुधा निर्दोष. तिथे पाण्याचा प्रवाह कमी पडतोय किंवा रेडिएटरची ताकद. दोन्हीकडे तापते तर पाणीच कमी आहे, हवा अडकली आहे, किंवा खरोखर गॅस्केट.

मालकाचं म्हणणं: रहदारीत नक्की तापते. मोकळ्या रस्त्यावर ठीक असते, "पण घाटात एकदा काटा थोडा चढलेला वाटला." हे "थोडा वाटला" मी वहीत अधोरेखित करून ठेवलं. बहुतेक गाड्यांतला तापमानाचा काटा प्रामाणिक नसतो. तो मुद्दाम असा बनवलेला असतो की पाणी ८० अंश असो की १०० अंश सेल्सिअस, काटा मधोमधच उभा राहावा, चालकाने उगाच घाबरू नये. अशा काट्याने जागा सोडली, तर आत गोष्टी बऱ्याच पुढे गेलेल्या असतात.

आणखी दोन गोष्टी बोलता बोलता निघाल्या. एक, रांगेत उभं असताना एसी गार हवा देईनासा होतो, गाडी पळायला लागली की परत देतो. मालकाला तो एसीचा वेगळा आजार वाटत होता. दोन, मालक गाडी बघायला गेले तेव्हा इंजिन आधीपासून गरम होतं. विकणाऱ्याने "आत्ताच एक चक्कर मारून आलो" असं सांगितलं होतं. त्याच्या हेतूबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण वापरलेली गाडी बघायला जाताना इंजिन थंड ठेवायला सांगावं, हे मी प्रत्येकाला सांगतो. का, ते पुढे कळेल.

मालक आणखी एक बोलले, त्याकडे कुणाचं सहसा लक्ष जात नाही: कधी कधी काटा चढायच्या आधी एकदम खाली पडतो. हे लक्षण चांगलं नाही. तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेपर्यंतच खरं सांगतो. पाणी कमी होऊन त्याच्याभोवती हवा किंवा वाफ आली की तो कमी तापमान दाखवतो, आणि आत इंजिन भाजत असताना काटा आरामात पडून राहतो.

थंड गाडीवर

गाडी रात्रभर माझ्याकडे ठेवून घेतली आणि सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, झाकण उघडलं. (गरम असताना ते कधीही उघडू नये. दाब सुटताच आतलं पाणी जागच्या जागी उकळतं आणि थेट तोंडावर येतं.) पातळी खालच्या खुणेच्याही खाली. रंग कुठल्याच डब्यातला नाही; हिरवा, गुलाबी आणि साधं पाणी यांचं मिश्रण, तळाला तपकिरी गाळ. रंगावरून कूलंटची जात ओळखता येत नाही, प्रत्येक उत्पादक आपल्या मर्जीने रंग टाकतो. पण दोन रंग एकत्र दिसले, तर वेगवेगळ्या डब्यांतली कूलंट मिसळली गेली एवढं नक्की, आणि त्यांची रसायनंही वेगळी असू शकतात. जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये गंज रोखायला सिलिकेटसारखे क्षार असतात, नव्यात सेंद्रिय आम्लं. दोन्ही एकत्र आली की संरक्षणाची मुदत घटते आणि कधी कधी चिकट साका धरतो.

कूलंटचा गोठणबिंदू दाखवणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर एक थेंब टाकला. गोठणबिंदू उणे ९ अंशांच्या जवळपास, म्हणजे ग्लायकॉल, कूलंटमधलं मूळ द्रव्य, जेमतेम पाचवा हिस्सा. निम्मं-निम्मं मिश्रण असतं तर आकडा उणे ३७ च्या आसपास आला असता. गाडी बर्फात चालवायची नसली तरी याला महत्त्व आहे, कारण ग्लायकॉल उत्कलनबिंदूही वर नेतो आणि त्यातली द्रव्यं ॲल्युमिनियमला गंजण्यापासून वाचवतात. महिनोन्‌महिने साधं पाणी भरत राहिलेल्या गाडीत हे दोन्ही फायदे गेलेले असतात.

मग झाकण. कूलंटच्या टाकीचं झाकण हा एक व्हॉल्व्ह असतो, आणि पूर्ण यंत्रणेचं गणित त्यावर उभं असतं. पाणी उघड्यावर १०० अंशांना उकळतं. १.१ बार (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका) जादा दाबाखाली तेच पाणी १२२ अंशांच्या आसपास उकळतं, आणि निम्मं ग्लायकॉल असेल तर आणखी सात-आठ अंश वर. झाकणावर १.१ छापलेलं होतं. हातपंपाच्या टेस्टरला लावून दाब दिला तर ते ०.५ बारलाच सुटलं. बिलात नवं, दिसायलाही नवं, पण कामाचं नाही. "नवीन टाकलंय" हे वाक्य निदानात पुरावा म्हणून धरायचं नाही, हा माझा नियम आहे. नवीन भाग फार तर आपलं वय सांगतो.

इथे डागाच्या गोष्टीचा एक धागा हाती आला. ०.५ बारला सुटणारं झाकण आणि जवळपास साधं पाणी, म्हणजे उकळायची मर्यादा १११-११३ अंशांच्या दरम्यान. हे सेन्सरजवळच्या पाण्याबद्दल झालं. सिलिंडर हेडमध्ये, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आजूबाजूला, धातू याहून खूप गरम असतो आणि तिथे आधीच बुडबुडे धरतात. वाफ जागा मागते, पाणी टाकीकडे ढकलते, झाकण लवकर सुटतं, पाणी बाहेर. गाडी बंद केल्यावर तर हे जास्तच होतं, कारण पंप थांबतो आणि हेडमधली साठलेली उष्णता उभ्या पाण्यात उतरते. टाकी इंजिनाच्या बाजूला, उजव्या अंगाला. सांडलेलं पाणी उजव्या मागच्या चाकाजवळच पडणार.

म्हणजे डागाचं कारण सापडलं? पूर्ण नाही. थंड गाडीत रात्रीतूनही थेंब पडत होते, आणि थंड गाडीत झाकण सुटायचं काही कारण नव्हतं.

दाबाची चाचणी, दोनदा

झाकणाच्या जागी टेस्टर लावून पूर्ण थंड यंत्रणेत १.१ बार दाब भरला. दहा मिनिटांत काटा ०.२ बारने उतरला. मागे सगळं कोरडं: पंपाच्या आसाखालचं गळतीचं भोक कोरडं, टाकीचे सांधे कोरडे, हेडच्या कडा कोरड्या. नव्या पंपाबद्दलची शंका इथे बरीचशी मिटली. सील गेलेला पंप त्या भोकातून ओघळ सोडतो आणि खाली पांढरट-हिरवट पापुद्रा धरतो.

गाडी लिफ्टवर घेऊन पोटाखालचं प्लास्टिकचं आवरण काढलं. गळती पुढे होती, पुढच्या चाकांच्या थोडं मागे, जिथे लोखंडी पाइप संपून रबरी होज सुरू होतो त्या सांध्यावर. पाइपच्या टोकाभोवती वाळलेल्या कूलंटची खपली, आणि दाबाखाली तिच्यातून सावकाश जमणारा थेंब. तो थेंब आवरणात पडायचा. गाडी पळताना वाऱ्याने आवरणातून मागे ढकलला जायचा आणि आवरणाच्या मागच्या टोकाला पाणी निघायला ठेवलेल्या भोकातून, उजवीकडे, खाली उतरायचा. खात्रीसाठी कूलंटमध्ये अतिनील दिव्याखाली चमकणारं रंगद्रव्य घातलं आणि गाडी फिरवून आणली. दिवा मारल्यावर पिवळी रेघ पुढच्या सांध्यापासून मागच्या भोकापर्यंत सलग दिसली. मालकाला खाली बोलावून ती दाखवली, कारण हे तोंडी सांगून पटत नाही.

एकाच डागाला दोन उगम होते, एक गरम गाडीतला आणि एक थंड गाडीतला. आधीच्या दुरुस्तीत झाकण आणि टाकीचे होज बदलल्यावर डाग थोडा लहान झाला असेल, सगळ्यांना हुरूप आला असेल, आणि पुन्हा तो दिसल्यावर पंपावर बोट ठेवलं गेलं असेल. हा माझा अंदाज, पण बिलांचा क्रम असाच होता.

गाडी गरम करून तीच चाचणी परत केली. आता दाब जागचा हलला नाही. पुढचा सांधा कोरडा. बरीच मंडळी इथे चकतात. गरम झाल्यावर रबर आणि धातू दोन्ही फुगतात, होज क्लॅम्पखाली आवळला जातो आणि गळती आपोआप मिटते. थंड झालं की सगळं आकसतं आणि परत थेंब. विकत घेताना गरम इंजिनाची गाडी बघितली तर असा सांधा कोरडाच दिसणार. सांधा सोडवला तेव्हा कारणही समजलं. कारखान्याने दिलेला स्प्रिंगचा क्लॅम्प, जो रबराबरोबर फुगतो-आकसतो, कुणीतरी काढून तिथे स्क्रूने आवळायचा पट्टा बसवला होता. गळती थांबावी म्हणून तो इतका आवळलेला की रबरात चर पडली होती. खालच्या पाइपच्या टोकाला गंजाचे खड्डे. होज बदलला, पाइपचं टोक घासून गुळगुळीत केलं, स्प्रिंगचा क्लॅम्प परत आला.

गॅस्केटचा प्रश्न

मालकाच्या मनात अजून गॅस्केटच होतं, आणि त्यांचं अगदी चुकत नव्हतं. मध्यभागी इंजिन असलेल्या गाड्यांबद्दल ही भीती उगाच पसरलेली नाही. १९९५ मध्ये आलेल्या एमजीएफ या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये रोव्हरचं के-सिरीज इंजिन होतं, आणि त्याच्या हेड गॅस्केटच्या तक्रारी खूप गाजल्या. त्या इंजिनात पाणी थोडं, आणि थर्मोस्टॅट इंजिनात पाणी शिरतं त्या बाजूला. तो उघडला की लांब पाइपांतलं थंड पाणी एकदम तापलेल्या इंजिनात यायचं. अशा धक्क्यांचा त्रास कमी करायला पुढे दाबाच्या फरकानेही उघडणारा थर्मोस्टॅट आला. एवढा इतिहास माहीत असलेला माणूस गाडी तापली की आधी गॅस्केट म्हणणारच.

पण गॅस्केट गेलंय की नाही हे इंजिन न उघडता बऱ्याच खात्रीने सांगता येतं. टाकीच्या तोंडावर नळी बसवून आतली हवा एका निळ्या द्रवातून ओढायची. द्रवात ब्रोमोथायमॉल ब्लू असतं. ज्वलनातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात येत असेल तर तो पिवळा पडतो. यात दोन पथ्यं आहेत. नळीत पाणी ओढलं जाता कामा नये, नाहीतर चाचणी बाद. आणि थंड, नुसत्या सुरू ठेवलेल्या इंजिनावर आलेल्या निळ्या उत्तरावर विसंबू नये. गॅस्केटची फट कित्येकदा भाराखाली आणि तापल्यावरच उघडते, म्हणून गाडी जोरात चालवून आणून लगेच बघावं (गरम टाकी उघडण्याचं हे काम मात्र सरावलेल्या हातानेच, दाब सावकाश सोडत). आम्ही तसंच केलं. द्रव निळाच राहिला. थंड इंजिन सुरू केल्यावर पहिल्या मिनिटात वरचा होज दगडासारखा ताठ होत नव्हता, चारही सिलिंडरचा दाब एकमेकांच्या जवळपास होता, आणि तेलाच्या झाकणाखाली दुधी साय नव्हती. (नुसती साय दिसली तरी घाबरू नये. छोट्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत दमटपणानेही ती धरते.) इंजिन उघडायचा विषय तिथे संपला.

पंखा

एसीबद्दलचं ते बोलणं आता उपयोगी पडलं. एसी सुरू केला की पुढचा पंखा हळू गतीने फिरायलाच हवा, पाणी कितीही थंड असलं तरी. या गाडीत तो फिरत नव्हता. गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारा स्कॅनर लावून उभ्या गाडीचं तापमान बघत बसलो: ९२, ९६, ९९, पंखा गप्प. १०६ ला तो एकदम पूर्ण गतीने गरजला, पाणी ९६ वर आणलं, आणि परत गप्प.

पंख्याला दोन गती होत्या. मोठी गती थेट, लहान गती एका रेझिस्टरमधून. रिले टिकटिकत होता, मल्टिमीटरवर रेझिस्टरच्या एका टोकाला पूर्ण १२ व्होल्ट, दुसऱ्या टोकाला शून्य. जळून तुटलेला. हे मूळ दुखणं असेलच असं नाही, पण साध्या पाण्याला आणि अर्ध्या दाबाच्या झाकणाला १०६ अंश म्हणजे उंबरठाच. प्रत्येक सिग्नलला गाडी उकळीच्या काठावर जाऊन परत येत होती.

रेझिस्टर बदलला, झाकणही बदललं, आणि कूलंट पूर्ण उतरवून यंत्रणा साध्या पाण्याने, ते स्वच्छ निघेपर्यंत, धुतली. उतरवलेलं कूलंट बंद डब्यात गेलं. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि कुत्र्या-मांजरांना थोडंसंही प्राणघातक ठरतं, गटारात किंवा अंगणात ते जाता कामा नये. भरताना एक हिशेब लोक विसरतात. धुतल्यावर ब्लॉकमध्ये आणि लांब पाइपांत बरंच साधं पाणी राहून जातं. त्यावर तयार निम्मं-निम्मं कूलंट ओतलं तर मिश्रण पातळच होतं. म्हणून आधी यंत्रणेच्या एकूण क्षमतेच्या निम्मं, पाणी न मिसळलेलं कूलंट भरायचं, उरलेली जागा शुद्ध केलेल्या पाण्याने. शेवटी रिफ्रॅक्टोमीटरने उणे ३६ दाखवलं.

हवा काढणं हा अशा गाड्यांतला खरा कटकटीचा भाग. पाइप लांब आणि जवळजवळ आडवे, त्यात हवेचा फुगा अडकला की सहजासहजी हलत नाही. गाडीचं नाक वर करून इंजिन चालू ठेवण्याची जुनी पद्धत इथे अपुरी पडते. निर्वात करणाऱ्या पंपाने यंत्रणेतली हवा ओढून घेतली, ती तशीच धरून राहते का बघितलं (गळतीची आणखी एक तपासणी फुकटात होते), आणि मग झडप उघडून कूलंट आत ओढू दिलं. त्यानंतर रेडिएटरवरचा आणि हीटरच्या पाइपावरचा असे दोन्ही हवा काढायचे स्क्रू सैल करून बघितले, बुडबुडा आला नाही.

रहदारीत गाडी आता ९२ ते ९९ अंशांत राहू लागली. पंखा हळूच सुरू होई, हळूच थांबे. मालक खूश. एसीही गार.

चढाव

मी गाडी परत द्यायला तयार नव्हतो, त्या अधोरेखित केलेल्या वाक्यामुळे. स्कॅनर लावून लांब चढावर, भारात नेली. ९२, ९५, १००. पुढे १०७ पर्यंत गेली आणि अजून चढत होती. डॅशबोर्डवरचा काटा? मधोमधच्या रेषेपासून केसभर वर.

कूलंट आता चांगलं, दाब पूर्ण, झाकण नवं आणि टेस्टरवर तपासलेलं, हवा नाही. वेगात पंख्याचा संबंध नाही. राहिले तीन संशयित: थर्मोस्टॅट पूर्ण उघडत नाही, पंप पुरेसं पाणी फिरवत नाही, किंवा रेडिएटर उष्णता बाहेर टाकत नाही. तिन्हींचं बाहेरून दिसणारं लक्षण एकच. भाग बदलत बसणारा माणूस इथे पुन्हा नवा पंप आणि नवा थर्मोस्टॅट बसवतो, आणि फाइलमध्ये आणखी दोन बिलं जमा होतात.

हे तिघे वेगळे करायला रेडिएटरमध्ये शिरणाऱ्या आणि निघणाऱ्या पाण्यातला फरक मोजायचा. दोन्ही पाइपांना थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) चिकटवून वर जाड उष्णतारोधक गुंडाळलं आणि तारा आत घेतल्या. इन्फ्रारेडच्या पिस्तुलाने उभ्या गाडीत काम भागतं, पण चालत्या गाडीत नाही, आणि चकचकीत ॲल्युमिनियमवर ते हमखास कमी आकडा दाखवतं. तिथे आधी काळी टेप चिकटवावी लागते.

तर्क असा. पंप कमकुवत असेल किंवा थर्मोस्टॅट अर्धवट उघडत असेल, तर रेडिएटरमधून पाणी सावकाश जातं, तिथे जास्त वेळ राहतं आणि चांगलं थंड होऊन निघतं. इंजिन तापतं, पण परतीचा पाइप बराच गार. फरक २० अंश किंवा अधिक. वारा अडला असेल तर पाणी जोरात फिरतंय पण उष्णता सोडायला जागाच नाही. जातानाही गरम, येतानाही गरम, फरक अगदी थोडा.

चढावर आकडे आले १०५ आणि १००. फरक ५.

निम्म्या-निम्म्या मिश्रणाचं एक लिटर एक अंशाने थंड होताना सुमारे पावणेचार किलोज्यूल सोडतं. सेकंदाला एक लिटर फिरत असेल, तर ५ अंशांच्या फरकाने सुमारे १९ किलोवॉट उष्णता बाहेर पडते. चढावर हे इंजिन ४० किलोवॉट काम करत असेल, तर ढोबळमानाने जवळपास तेवढीच उष्णता पाण्यात उतरते. बाकीची जाणार कुठे? इंजिनाच्या धातूत आणि पाण्यात साठत राहणार, म्हणजेच आकडा चढत राहणार. पंप आणि थर्मोस्टॅट निर्दोष, रेडिएटर दोषी. आतून चोंदलेला की बाहेरून, हे बघायला उभ्या गाडीत जाळीवर इन्फ्रारेड फिरवलं. आतून नळ्या बुजल्या असत्या तर थंड पट्टे मिळाले असते. तसे मिळाले नाहीत.

बंपर उतरवला. समोर एसीचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी), बऱ्यापैकी स्वच्छ. बाहेरून टॉर्च मारून बघणाऱ्याला तोच दिसतो आणि समाधान होतं. कंडेन्सर पुढे ओढल्यावर त्याच्या आणि रेडिएटरच्या मधली फट दिसली. खालच्या तिसऱ्या हिश्श्यात वाळकी पानं, किडे, धूळ, प्लास्टिकचा एक तुकडा, सगळं मिळून घोंगडीसारखा दाट थर. पुढून जोराच्या फवाऱ्याने धुणाऱ्यांनी तो आणखी आत दाबला होता आणि रेडिएटरचे काही पातळ धातूचे पंख (फिन) आडवे पाडले होते.

याहून महत्त्वाचं मात्र जे नव्हतं ते होतं. रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना आणि वर फोमच्या पट्ट्या असायला हव्यात, आणि बंपरच्या तोंडापासून रेडिएटरपर्यंत प्लास्टिकचे दोन पडदे. ते नसले तर वारा जाळीतून जाण्याऐवजी तिच्या बाजूने निसटतो. वाऱ्यालाही सोपी वाट आवडते. एकही पट्टी नव्हती, पडदे नव्हते. बंपरच्या आतल्या कडेला रंगाचे थेंब आणि दोन क्लिपा वेगळ्या जातीच्या. नाक कधीतरी ठोकलं गेलं होतं, बंपर रंगवून परत चढवला होता, आणि हे "फालतू" तुकडे परत बसवायचे राहून गेले होते. रंगाचं काम सुबक होतं, म्हणूनच ते खरेदीच्या वेळी कुणाच्या डोळ्यात भरलं नाही.

मधला थर हाताने आणि मऊ ब्रशने काढला, रेडिएटर मागून पुढे, हलक्या पाण्याने धुतला, वाकलेले पंख कंगव्याने सरळ केले. फोमच्या पट्ट्या कापून बसवल्या, पडदे मागवून लावले. तोच चढाव, तसाच भार: इंजिन ९४ वर स्थिर, परतीचा पाइप ८० च्या आसपास. आता फरक १४ अंशांचा, म्हणजे आधीपेक्षा जास्त, आणि मालकाला हे उलटं वाटलं. आता रेडिएटरला उष्णता टाकता येते, त्यामुळे थर्मोस्टॅट पूर्ण उघडतच नाही. पाणी कमी फिरतं आणि अधिक थंड होऊन येतं. इंजिनाचा आकडा उतरलेला असताना असा फरक दिसणं म्हणजे हातात राखीव ताकद आहे.

काही गोष्टी राहिल्या आहेत. रेडिएटरच्या खालच्या कडेचे पंख बोट लावलं तर भुगा होतात, तिथला ओलसर थर वर्षानुवर्षं तिथेच बसलेला होता. आज तो पुरतोय, पण पुढचा उन्हाळा त्याच्यावर काढायला मी सुचवलेलं नाही. पोटाखालच्या लोखंडी पाइपावर, घासलेल्या टोकापासून हातभर मागे, आणखी एक गंजाचा पट्टा आहे. तो सध्या गळत नाही. पुढच्या वेळी कूलंट उतरवलं जाईल तेव्हा दोन्ही पाइप एकदम बदलायचे असं ठरलं आहे. तोवर मालकाने सकाळी, इंजिन थंड असताना, टाकीची पातळी बघायची आणि आवरणाच्या मागच्या भोकाखाली पुठ्ठ्याचा एक तुकडा ठेवायचा. नव्या कूलंटमध्येही ते चमकणारं रंगद्रव्य घातलं आहे, त्यामुळे पुठ्ठ्यावर ओल दिसलीच तर ती एसीच्या पाण्याची की कूलंटची, हे दिवा मारून लगेच कळेल.